खोगीरभरती

सासऱ्यांबरोबर बसून कोणते सिनेमे पाहावेत, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. सासऱ्यांसमोर पाय जवळ घेऊन बसावं, दिवाळसणाला रुसावं किती आणि मानावं किती, हे सगळं परंपरेनं ठरवून दिलेलं आहे. पण पडद्यावर एकाएकी भलतंच काही सुरू झालं, तर जावयानं खोकावं, पेपर उचलावा की पाणी प्यायला उठावं, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं. मी तिन्ही गोष्टी एकदम केल्या. पाणी पेपरावर सांडलं.

घडलं ते असं. आमचे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, हे काउबॉयपटांचे जुने भक्त. त्यांची तरुणपणी मुंबईत नोकरी होती. शनिवारचा अर्धा दिवस भरला की फोर्टातून पाय घराकडे वळायचे नाहीत, थेटराकडे वळायचे. ‘मॅकेनाज गोल्ड’ त्यांनी इतक्या वेळा पाहिला आहे की त्या सोन्यावर एव्हाना त्यांना लाभांश मिळायला हरकत नव्हती. ‘हाय नून’मधल्या गॅरी कूपरबद्दल ते जितक्या आदरानं बोलतात, तितक्या आदरानं ते माझ्याबद्दल एकदाच बोलले होते, आणि तेव्हा मुलगी द्यायची बोलणी चालू होती.

पावसाळ्यातला रविवार. मामा मुक्कामाला आलेले. चिरंजीवांनी टीव्हीला इंटरनेट जोडून दिलेलं. मी नावावरून सिनेमा निवडला: ‘ब्लेझिंग सॅडल्स’, साल १९७४. नावात खोगीर आहे, चित्रात घोडा आहे. आणखी कसली चौकशी करायची? दोन कागद बघून कर्ज मंजूर करावं आणि मग त्याचं जे व्हायचं ते व्हावं, तसं पुढं झालं.

सुरुवात तर अस्सल होती. चाबकाचे फटकारे, भारदस्त गाणं. मामा ताडकन सरळ बसले. “जावईबापू, हा फ्रँकी लेन! ‘ओ. के. कोरल’चं गाणं म्हणणारा!” त्यांचे डोळे पाणावले. नंतर मी थोडं वाचलं तेव्हा कळलं, की सिनेमा विडंबन आहे हे खुद्द फ्रँकी लेनलाही कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यानं खरंखुरं काउबॉयचं गाणं समजून जीव ओतला. म्हणजे गाणारा फसला, तसेच पन्नास वर्षांनी आमचे मामाही फसले. विडंबनाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं? ज्याची टिंगल करायची ती वस्तू आधी मनापासून आवडलेली असावी लागते. या सिनेमाचा दिग्दर्शक मेल ब्रूक्स याला काउबॉयपट आवडत होते, याची साक्ष ते एक गाणंच देतं.

गोष्ट अगदी सरळ आहे. रेल्वेमार्ग टाकताना पुढं दलदल लागते, म्हणून तो वळवायचा. वळवला तर रॉक रिज नावाच्या गावातून जाणार. म्हणजे जमिनीला सोन्याचा भाव. मग गावकऱ्यांना हाकलायचं आणि जमीन गिळायची, असा बेत हेडली लमार नावाचा सरकारी कारस्थानी करतो. (यातलं तत्त्व आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात समजावून सांगावं लागणार नाही.) तो गावावर आधी गुंड सोडतो. गावकरी गव्हर्नरकडं शेरीफ मागतात. हा गव्हर्नर म्हणजे वगातला राजा! कागद वाचत नाही, सही करतो, आणि उरलेला वेळ सेक्रेटरीकडं बघतो. लमार त्याच्याकडून एका काळ्या मजुराची शेरीफ म्हणून नेमणूक करून घेतो. हिशेब असा, की गोरं गाव हा शेरीफ बघून एकतर त्याला मारील, नाहीतर गाव सोडून जाईल.

इथवर मामा खुशीत होते. मग रात्र झाली. गुंडमंडळी शेकोटीभोवती बसून घेवड्याची उसळ खाऊ लागली. आणि मग एकेक जण किंचित उठून... काय सांगू! तो आवाज. एकाचा नाही, सगळ्यांचा. जुगलबंदी म्हणावी तर सवाल-जवाब तरी असतात. इथं नुसते जवाबच होते.

मी खोकलो, पेपर उचलला, पाणी सांडलं. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “अहो, काय लावलंय? बाबा आहेत ना तिथं?” मी रिमोट शोधत होतो. तो माझ्याच मांडीखाली होता.

आणि मामा हसले. चष्मा काढून, डोळे पुसून हसले. मग म्हणाले, “जावईबापू, आम्ही इतके सिनेमे पाहिले. प्रत्येकात हे लोक उसळ खातात, वर काळी कॉफी पितात. पण कधी कुणाला काही झालं नाही. माझ्या मनात तेव्हाच आलं होतं!”

हा खरा समीक्षक! त्या प्रसंगाबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. काउबॉयपटांनी बंदुकीच्या सगळ्या गोळ्यांचा आवाज ऐकवला आणि पोटातला तेवढा दाबून ठेवला. ब्रूक्सनं ती जुनी तफावत शोधून खतावणीत घातली. पुढं अमेरिकेत टीव्हीवर सिनेमा दाखवताना ते आवाज काढून टाकले होते म्हणे. माणसं नुसतीच उठतात आणि बसतात. ते जास्त अश्लील दिसत असणार.

तेव्हा आता ताळेबंद मांडतो. वाणिज्य शाखेचा माणूस परीक्षण लिहायला बसला की दुसरं काय करणार?

आधी जमेची बाजू. या सिनेमात चावटपणा भरपूर आहे, शिव्या आहेत, आणि काळ्या माणसांसाठी गोऱ्यांनी वापरलेला तो घाणेरडा शब्द तर डझनावारी आहे. पण तो शब्द बहुतेक वेळा ज्यांच्या तोंडी आहे ती माणसं बावळट आहेत, आणि ज्याला तो लावला जातो तो बार्ट गावातला सर्वांत शहाणा, देखणा आणि रुबाबदार माणूस आहे. त्याच्या खोगिराच्या पिशव्यांवर गुच्चीची खूण आहे. तो वाळवंटातून निघतो तेव्हा वाटेत साक्षात काउंट बेसीचा वाद्यवृंद वाजवत बसलेला असतो. क्लीव्हन लिटल या नटानं तो असा काही साकारला आहे, की शिवी निघाल्यावर मान खाली जाते ती शिवी देणाऱ्याची.

तो गावात येतो तो प्रसंग पाहा. स्वागताला बँड, भाषण, सगळा गाव गोळा. या गावात झाडून सगळ्यांचं आडनाव जॉन्सन. म्हणजे आडनाव विचारून माणूस कुठला ते काढण्याचा आपला जो लाडका उद्योग, त्याची तिथं सोयच नाही. चेहराच बघावा लागतो. चेहरा दिसतो, भाषण घशात अडकतं, बंदुका वर होतात. तेव्हा बार्ट काय करतो? स्वतःचंच पिस्तूल स्वतःच्या गळ्याला लावतो आणि दरडावतो, की कुणी हललं तर या काळ्याला गोळी घालीन. मग लगेच आवाज बदलून त्या ओलीस धरलेल्या काळ्याची गयावयाही तोच करतो. आणि गाव घाबरतं! बंदुका खाली होतात. तो स्वतःच स्वतःला फरफटत कचेरीत नेऊन दार लावून घेतो. मी तो प्रसंग तीनदा पाहिला. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की गावाच्या डोक्यात काळा माणूस दोनच प्रकारचा आहे: एक धमकावणारा आणि एक गयावया करणारा. बार्टनं त्यांना दोन्ही पुरवले आणि मधल्यामधे स्वतः निसटला. तिसऱ्यांदा मी कशाला पाहिला, ते पुढं सांगतो.

दुसरी जमा म्हणजे जीन वाइल्डर. दारूत बुडालेला जुना पिस्तूलबाज. या भूमिकेसाठी आधी दुसराच नट घेतला होता. तो पहिल्याच दिवशी आजारी पडून कोसळला आणि ऐन वेळी वाइल्डरला बोलावलं. सगळा सिनेमा ओरडत असताना हा एकटा हळू आवाजात बोलतो. गाण्याच्या मैफलीत तंबोरा दिसत नाही, पण बंद पडला की कळतं, तसा. त्याची आणि बार्टची मैत्री कुठंही भाषण न करता जमते.

तिसरी जमा मॅडलिन कान. मार्लेनी डीट्रिकची अशी काही नक्कल करते, की थकलेल्या, कंटाळलेल्या नर्तकीचं बेसूर गाणं हाच सिनेमातला सर्वांत सुरेल भाग ठरतो. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. आणि हार्वी कॉर्मनचा तो हेडली! हेडी लमार ही जुनी नटी. लोक याला सारखे ‘हेडी’ म्हणतात आणि तो दर वेळी ‘हेडली’ म्हणून दुरुस्त करतो. चेकवर एक अक्षर चुकलं तर तो परत पाठवणाऱ्या माणसाला ही तळमळ कळते. खऱ्या हेडी लमारबाईंनी मात्र दावा लावला होता आणि कोर्टाबाहेर तडजोड करावी लागली.

चौथी जमा आमच्या खात्यातली. गुंडांची फौज घोड्यांवरून धूळ उडवत गावावर चाल करून येते. बार्टनं मोकळ्या वाळवंटात मधोमध एक टोलनाका उभा केला आहे. आजूबाजूला मैलोगणती रिकामी जमीन! पण एकालाही बाजूनं जाणं सुचत नाही. सगळे थांबतात, नाणी शोधतात, आणि एकाला सुट्टे पैसे आणायला मागं पाठवतात. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत सुट्ट्या पैशांवर इतकं मर्मभेदी भाष्य मी ऐकलं नाही. फाटक दिसलं की थांबायचं, कुणी घातलं ते विचारायचं नाही. विचार केला तर रॉक रिजच्या लोकांच्या डोक्यातलंही असंच एक फाटक होतं. त्यांनाही बाजूनं जाणं सुचत नव्हतं.

आता नावेची बाजू, आणि ती काही लहान नाही.

बायका. या सिनेमात मॅडलिन कान सोडली तर बाईला काम नाही. गव्हर्नरची सेक्रेटरी म्हणजे नुसतं फर्निचर, आणि तेही कमी कपड्यांतलं. बलात्कारावर विनोद आहेत. ते १९७४ मध्ये हसवत असतील. आता ओठ उघडतात आणि तसेच मिटतात. शेवटाकडं पुरुष नर्तकांचा एक ताफा येतो, त्यांच्या बायकी लकबींची टवाळी आहे. जो सिनेमा काळ्या माणसाची बाजू घेऊन गावाला हसतो, तोच पाच मिनिटांत गावाच्या बाजूनं जाऊन त्या नर्तकांना हसतो. रेड इंडियन तर एकही धड नाही. टोळीचा नायक स्वतः मेल ब्रूक्स झाला आहे आणि तो ज्यूंच्या यिडिश भाषेत बोलतो. ब्रूक्स स्वतः ज्यू, तेव्हा अमेरिकेतला एक उपरा दुसऱ्या उपऱ्याला वाट देतो, असा त्यातला गोड अर्थ आहे. पण मूळ मालकाला त्याच्याच सिनेमात जागा मिळाली नाही, हेही खरं.

दुसरा तोटा शेवटचा. हाणामारी सुरू होते आणि ती सिनेमाची भिंत फोडून शेजारच्या स्टुडिओत घुसते, तिथून उपाहारगृहात, तिथून रस्त्यावर, आणि शेवटी नायक-खलनायक याच सिनेमाच्या खेळाला थेटरात जाऊन पोचतात. मामा म्हणाले, “हा तर आपला सोंगाड्या!” बरोबर आहे. वगात सोंगाड्या राजाशी बोलता बोलता मधेच प्रेक्षकांशी बोलतो, पेटीवाल्याची फिरकी घेतो. ‘विच्छा माझी पुरी करा’ पाहिलेल्या माणसाला भिंत फुटण्याचं कौतुक नाही. पण आपला वग कितीही भरकटला तरी शेवटी राजाचा हिशेब चुकता करतो. इथं भिंत फुटली आणि हिशेबाची वहीही त्याच ढिगाऱ्यात गेली. शेवटच्या वीस मिनिटांतला निम्मा गोंधळ म्हणजे शुद्ध खोगीरभरती.

तरीही खात्यात शिल्लक उरते. सुमारे २६ लाख डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमानं अकरा कोटींहून जास्त मिळवले. स्टुडिओच्या साहेबांनी हे कापा, ते कापा म्हणून सांगितलं. आपण माना डोलावल्या आणि सूचना केराच्या टोपलीत टाकल्या, असं ब्रूक्सनंच पुढं सांगितलं आहे. हेड ऑफिसची परिपत्रकं अशी हाताळणारा माणूस मला वंदनीय आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हा सिनेमा जतन करण्यासाठी निवडला गेला. उसळीसकट.

आता तो ‘खोगीरभरती’ शब्द. तो मी सहज लिहिला नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या शाखेत एक नवे साहेब बदलून यायचे होते. ऑर्डर आली. तिच्यावर आडनाव होतं, आणि आमच्या शाखेत सगळेच जॉन्सन नव्हते. आडनावावरून काढायचं ते सगळ्यांनी मनात काढलं. मी शाखेतला विनोदी माणूस. चहाच्या वेळी सगळ्यांची अपेक्षा माझ्याकडून. मी म्हणालो, “चला, खोगीरभरती आली.” हशा पिकला. माझ्या विनोदाला इतका हशा त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. हसता हसता एकेक जण गप्प होत गेला, तेव्हा मी मागं वळलो. साहेब दारात होते. एक दिवस आधीच हजर झाले होते.

ते काही बोलले नाहीत. कप घेतला, उभ्यानं चहा प्याले, कप विसळून जागेवर ठेवला आणि आत गेले. तीन वर्षं होते. माझ्या रजेच्या अर्जावर कधी शेरा मारला नाही. मी वाट बघत होतो, की एकदा तरी मारतील. म्हणजे फिटंफाट झाली असती.

बार्ट पिस्तूल गळ्याला लावतो तो प्रसंग मी तिसऱ्यांदा पाहिला तो यासाठी. पहिल्या दोन वेळी मी अर्थातच बार्टच्या बाजूचा होतो. तिसऱ्यांदा गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला. सुट्टे पैसे शोधत थांबणाऱ्यांतला.

आणि तेव्हाच या सिनेमाचा मला सर्वांत मोठा वाटणारा दोष सापडला. बार्टला प्रत्येक टोमण्यावर उत्तर सुचतं, कारण त्याच्यासाठी पाच लेखक कामाला होते. त्यांतला एक रिचर्ड प्रायर; स्वतः काळा, अफाट विनोदी. ब्रूक्सला नायक म्हणून तोच हवा होता, पण स्टुडिओला तो नको होता. म्हणजे काळ्या शेरीफचं स्वागत नीट न होण्याची गोष्ट पडद्याच्या मागंही चालूच होती. आमच्या साहेबांना उत्तर लिहून द्यायला कुणी नव्हतं. शिवाय बार्टला गाव स्वीकारतं ते तो गावातल्या सगळ्यांपेक्षा हुशार, धाडसी आणि देखणा आहे म्हणून. तो साधाच, बरा, वेळेवर येणारा शेरीफ असता तर? सुमार असण्याचा हक्क माझ्यासारख्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं बिनबोभाट बजावला आहे. कुणी आम्हाला भरती म्हटलं नाही.

खऱ्या इतिहासात त्या मुलखातल्या काउबॉयांमध्ये चारांतला एक काळा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बास रीव्ह्ज नावाचा काळा माणूस १८७५ मध्ये डेप्युटी मार्शल झाला आणि त्यानं उभी हयात गुन्हेगार पकडण्यात घालवली. मामांनी तरुणपणी पाहिलेल्या त्या सगळ्या सिनेमांत मात्र जवळजवळ सगळेच जॉन्सन. मी हे सांगितलं तेव्हा मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही उसळीचंच तेवढं विचारलं. हे नाही विचारलं.”

साहेब आता निवृत्त झालेत. हा लेख छापून आला की एक प्रत पोस्टानं पाठवणार आहे. वरचं शीर्षक त्यांचंच देणं आहे. पंधरा वर्षं थकलेलं. व्याज किती होतं ते मी काढलं नाही. ते काढायचा अधिकार येणेकऱ्याचा.

रात्री जेवायला राजमा होता. मी आणि मामांनी एकमेकांकडं पाहिलं. “काय झालं हसायला?” हिनं विचारलं.

“काही नाही,” मामा म्हणाले, “वाढ. पण जरा बेतानं.”